पूर्वाश्रमीचे गाणे : निर्मिती नाकारण्याच्या हक्काविषयी

लेखकाचा आपल्या कृतीवरील हक्क हा विषय मराठी समीक्षेत बहुधा दोनच प्रसंगी उपस्थित होतो. वाङ्मयचौर्याचा आरोप होतो तेव्हा, किंवा शासन वा समाज एखाद्या कृतीवर बंदी घालू पाहतो तेव्हा. या दोन्ही प्रसंगी लेखक आपल्या कृतीच्या बाजूने उभा असतो आणि त्यामुळे समीक्षकाला आपली बाजू निवडणे फारसे अवघड जात नाही. तिसरा एक प्रसंग मात्र दुर्लक्षित राहिला आहे. कर्ताच कृतीच्या विरोधात उभा राहतो, ती आपली नव्हे असे म्हणतो, ती पुन्हा छापू नये, गाऊ नये, दाखवू नये असा आग्रह धरतो; आणि वाचक वा श्रोता मात्र ती सोडायला तयार नसतो. अशा वेळी न्याय कोणाच्या बाजूने आहे? हा प्रश्न आस्वादाचा नाही. कृती चांगली की वाईट याच्या उत्तरावर तो अवलंबूनही नाही. तो नीतीचा प्रश्न आहे आणि त्याची मांडणी नीतीच्याच परिभाषेत करावी लागते.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे, पण सर्वत्र सारखी नाही. फ्रान्सच्या कायद्यात लेखकाला एक विशेष हक्क दिलेला आहे. त्याचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे : पश्चात्तापाचा किंवा माघारीचा हक्क. प्रकाशित झालेली कृतीही लेखक मागे घेऊ शकतो; मात्र प्रकाशकाचे होणारे नुकसान त्याने आधी भरून दिले पाहिजे, आणि पुढे मन पालटून तीच कृती पुन्हा प्रकाशात आणावयाची झाल्यास ती प्रथम त्याच प्रकाशकाला त्याच अटींवर देऊ केली पाहिजे. भारतीय कृतिस्वाम्य अधिनियमाच्या (१९५७) ५७ व्या कलमात लेखकाचे विशेष हक्क आहेत, पण ते कर्तृत्व सांगण्याचे आणि विद्रूपीकरण रोखण्याचे. पश्चात्तापाला तेथे जागा नाही. २१ व्या कलमान्वये लेखक आपले स्वामित्व सोडून देऊ शकतो. म्हणजे मालमत्ता टाकता येते, कर्तेपण टाकता येत नाही. आपल्या कायद्याने अजाणता का होईना, एक तात्त्विक भूमिकाच घेतली आहे असे म्हणता येईल.

या प्रश्नाचे अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण साहित्यातले नसून संगीतातले आहे, आणि तेही वाङ्मयीन नियतकालिकांच्या पानांवर सहसा न येणाऱ्या रॉक संगीतातले. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड परिसरातल्या एका शाळेत एकत्र आलेल्या पाच मुलांच्या गटाने, 'रेडिओहेड'ने, सप्टेंबर १९९२ मध्ये 'क्रीप' या गाण्याची तबकडी काढली. गटाच्या अगदी आरंभीच्या प्रकाशनांपैकी ही एक. गाणे प्रमुख गायक टॉम यॉर्क याने त्याच्या विद्यापीठीय दिवसांत रचलेले होते. आशय साधा आहे : एका स्त्रीच्या सौंदर्याने दिपलेला, स्वतःला ओंगळ आणि उपरा समजणारा कोणी एक तरुण आपल्या नालायकीची कबुली देतो. इंग्लंडमध्ये तबकडी प्रथम चाललीच नाही. बीबीसीच्या तरुणांसाठी असलेल्या वाहिनीला ती फार उदास वाटली. पुढे इस्राएलमध्ये, मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ती गाजली आणि १९९३ मध्ये पुन्हा काढल्यावर इंग्लंडच्या क्रमवारीत सातव्या स्थानापर्यंत गेली. तेथून गटाची आणि गाण्याची फारकत सुरू झाली. गट पुढे सरकला. १९९७ च्या 'ओके कम्प्युटर' आणि २००० च्या 'किड ए' या संग्रहांनी त्याने रॉक संगीताची चौकटच वाकवली. श्रोत्यांचा एक मोठा वर्ग मात्र त्या एका कबुलीजबाबापाशी थांबून राहिला. गटाने १९९४ मध्येच 'माय आयर्न लंग' नावाचे गाणे काढले. ज्या यंत्राने जिवंत ठेवले त्याच यंत्रात अडकून पडणे हे त्यातले रूपक 'क्रीप'कडेच बोट दाखवते, असे मानले जाते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते गाणे मैफलींतून जवळजवळ नाहीसे झाले. २००१ मध्ये आपल्या ऑक्सफर्ड शहरात गटाने ते गायले, त्यानंतरही अधूनमधून गायले. पण मागणीनुसार नव्हे, आपल्या लहरीनुसार.

या गाण्याच्या जन्मकथेतच नकाराची एक विलक्षण खूण आहे. गिटारवादक जॉनी ग्रीनवुडला गाण्याचा संथपणा रुचत नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ध्रुपदापूर्वी त्याने गिटारीच्या तारांवर दोन-तीन कर्कश तडाखे दिले. गाणे बिघडवण्याचाच तो प्रयत्न होता, असे त्याच्या सहकाऱ्याने पुढे सांगितले. आज त्या गाण्याची ओळख म्हणून श्रोत्याच्या कानात राहतात ते हेच तडाखे. कर्त्याने कृतीविरुद्ध केलेले बंड कृतीनेच पचवून आपले वैशिष्ट्य केले. कर्त्याच्या हेतूवर कृतीचा अर्थ ठरवू पाहणाऱ्यांनी या एका उदाहरणावर थोडा वेळ थांबावयास हरकत नाही.

तर प्रश्न असा : गटाला हे गाणे नाकारण्याचा हक्क होता काय?

सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले स्वच्छंदतावादी. कृती ही कर्त्याच्या आत्म्याचा आविष्कार. आत्मा पालटला की कृती खोटी पडते. खोट्याला चिकटून राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. दुसरे उत्तर रोलाँ बार्थच्या १९६७ च्या लेखानंतर रूढ झालेले. कृती प्रकट होताच कर्ता मेलेला असतो, मेलेल्याला हक्क नसतात, संहिता वाचकाची. पहिल्या उत्तरात वाचक नाही, दुसऱ्यात कर्ता नाही. ज्या नैतिक प्रश्नात दोन पक्ष आहेत तो त्यांपैकी एकाला नाहीसे करून सुटत नाही, टळतो एवढेच. मराठी परंपरेत याहून समर्थ अशी एक संकल्पना उपलब्ध आहे. ती म्हणजे पूर्वाश्रम.

संन्याशाला पूर्वाश्रम असतो, याचा अर्थ भूतकाळ पुसला जातो असा नाही. नाव सुटते, गोत्र सुटते, घर सुटते. पण सोडण्याचा अधिकारच काही अटींवर मिळतो. तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावू नये, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. मनुस्मृतीच्या सामाजिक आज्ञा कोणी शिरोधार्य मानाव्यात असे येथे सुचवावयाचे नाही. त्यागापूर्वी ऋणमोचन, हा जो क्रम तेथे आहे तेवढाच प्रस्तुत आहे. आणि हा क्रम मोडल्यास काय होते याची मराठी मनावर कोरलेली कथा म्हणजे विठ्ठलपंतांची. घरी पत्नी असताना, तिची खरी संमती नसताना त्यांनी काशीला संन्यास घेतला. गुरूला वस्तुस्थिती कळताच त्यांनी शिष्याला परत गृहस्थाश्रमात धाडले. आणि त्याची किंमत मोजली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या मुलांनी, संन्याशाची पोरे म्हणून. परंपरेने या कथेत दोष पाहिला तो आळंदीच्या कर्मठांचा, आणि ते योग्यच आहे. पण गुरूच्या आज्ञेत एक वेगळा निवाडा दडलेला आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. संन्यास हा कितीही उच्च असला तरी रुक्मिणीबाईंचा हक्क त्याने बुडत नाही.

कृतीच्या बाबतीत रुक्मिणीबाईंच्या जागी कोण आहे? अर्थातच वाचक, श्रोता. 'क्रीप' ऐकणाऱ्या कोणा एकलकोंड्या मुलाने त्या गाण्यात आपली लाज प्रथमच उच्चारलेली ऐकली असेल, तर त्या उच्चाराभोवती त्याच्या आयुष्याचा काही भाग बांधला गेला. 'ते गाणे म्हणजे पोरवयातला आमचा मूर्खपणा होता' असे कर्ता म्हणतो तेव्हा तो केवळ स्वतःविषयी बोलत नाही. त्या मुलाच्या भावनेलाही तो मूर्ख ठरवतो. नाकारण्यातले नैतिक वजन येथे आहे. मात्र हे वजन मान्य करूनही त्यावरून कोणते कर्तव्य निघते हे लगेच ठरत नाही. श्रोत्याचे देणे लागते, एवढेच सिद्ध झाले. देणे काय लागते हे नव्हे.

या ठिकाणी गायकाच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. कवीने नाकारलेली कविता कवीशिवाय राहू शकते, ग्रंथालयात पडून असते. गाण्याचे तसे नाही. गायकाला प्रत्येक वेळी नव्याने उभे राहून 'मी' म्हणावे लागते. जो 'मी' आता उरलेला नाही, त्याच्या वतीने हजारो लोकांसमोर साक्ष देणे ही खोटी साक्ष नव्हे काय? आक्षेप वजनदार वाटतो. पण तो एका गृहीतावर उभा आहे : गाण्यातला 'मी' हा गाणाऱ्याचाच असतो हे गृहीत. भारतीय काव्यविचाराने ते कधीच मान्य केले नाही. भट्टनायकाने भावकत्वाची कल्पना मांडली ती याच अडचणीतून वाट काढण्यासाठी. काव्यातला भाव नटाचा नाही, कवीचा लौकिक भाव नाही, प्रेक्षकाचाही खाजगी नाही. साधारणीकरणाने तो व्यक्तीच्या मालकीतून सुटतो. शास्त्र बाजूला ठेवले तरी वारीच्या वाटेवर हे रोज घडताना दिसते. तुकोबांच्या अभंगातली आत्मनिंदा टाळ हाती घेतलेला प्रत्येक वारकरी स्वतःच्या तोंडाने म्हणतो, आणि त्यांतला कोणीही खोटी साक्ष देत नसतो. गाण्याच्या 'मी'मध्ये त्या त्या वेळी जो उभा राहतो त्याचा तो. टॉम यॉर्कला ही सोय का वाटू नये? वाटत नाही, कारण आधुनिक रॉक संगीताने आपली सगळी पत प्रामाणिकपणावर, गाणारा जे भोगतो तेच गातो या दाव्यावर उभारलेली आहे. जो दावा करून गाणे विकले, त्याच दाव्याने पुढे गाणाऱ्याचे तोंड बांधले.

तुकोबांचाच दाखला आणखी एका कारणासाठी घ्यावा लागतो. रामेश्वर भट्टाच्या सांगण्यावरून गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, ही कथा. तिचा बुद्धिवादी अर्थ सर्वांना ठाऊक आहे : वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या कंठात होते. हा अर्थ मनोहर आहे, आणि वाचकवादी समीक्षेला सोयीचाही. पण येथे सावध राहिले पाहिजे. तुकोबांनी गाथा आपखुशीने नाकारली नव्हती. ती त्यांच्याकडून नाकारवून घेतली गेली. लोकांनी अभंग राखले ते कर्त्याच्या इच्छेविरुद्ध नव्हे, कर्त्याच्या बाजूने, सत्तेविरुद्ध. या कथेवरून 'कर्त्याने बुडवले तरी लोक तारतात, आणि तेच न्याय्य' असा सामान्य नियम काढणे म्हणजे जुलमाविरुद्धच्या स्मरणाची पुण्याई ग्राहकाच्या हट्टाला बहाल करणे होय. मैफलीत मागून ओरडून फर्माईश करणारा श्रोता हा देहूचा गावकरी नव्हे.

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी साहित्यशास्त्रापेक्षा एखाद्या जुन्या हस्तव्यवसायाकडे वळणे अधिक फलदायी ठरेल. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. इंग्रजी अमदानीतील नोंदींपासून त्याची ओळख विणकरांचे गाव अशी आहे. कोष्ट्यांचे हातमाग, सुती लुगडी, त्यांचे काठ आणि पदर हे या गावाचे वैभव होते. मागावरच्या व्यवहारात कर्तेपणाचे तीन टप्पे अगदी स्पष्ट वेगळे पडतात. ताणा मागावर चढलेला आहे, धोटा फिरतो आहे, तोवर वीण विणकराची. चुकलेला बाणा तो उसवील, काठाचा रंग बदलील. त्याला कोणी विचारणार नाही. विणून झालेले लुगडे मागावरून कापून घडी घातले, बाजारात गेले, कोणी नेसले, की ते नेसणारीचे. पुढे विणकराला त्या काठाची लाज वाटू लागली म्हणून तो तिच्या अंगावरून ते ओढून घेऊ शकत नाही. असे नुसते म्हणूनही पाहिले की त्यातले अभद्र जाणवते. पण तिसरी गोष्ट तितकीच खरी आहे. लुगडे तिचे झाले. विणकराचे हात तिचे झाले नाहीत. तसाच काठ पुन्हा विणून दे, असे ती सांगू शकते. तो विणील वा न विणील. त्याने नकार दिला तर तिचे काहीही हिरावले जात नाही, कारण तिचे लुगडे तिच्याजवळ आहेच.

गायकाच्या नकाराचे खरे समर्थन येथे मिळते. ते प्रामाणिकपणात नाही, श्रमाच्या स्वातंत्र्यात आहे. 'रेडिओहेड'ने गाणे गाण्याचे थांबवले, यात कोणावर अन्याय झाला नाही. तबकडी ज्याच्या घरी होती त्याच्या घरी राहिली. त्यांनी तबकड्या परत मागितल्या असत्या, तर तो अन्याय झाला असता. आणि त्या गाण्यावर प्रेम करणाऱ्यांचा उपहास जेथे जेथे झाला असेल, तेथे, कायद्याने नव्हे तरी नीतीने, काही देणे बाकी राहिले. नेसणारीला 'हे लुगडे भिकार आहे' असे रस्त्यात गाठून सांगणारा विणकर आपल्या कलेशी प्रामाणिक असेलही. सभ्य खचितच नाही.

अर्थात ही तुलना जशीच्या तशी लागू होते ती ध्वनिमुद्रणामुळे. त्यापूर्वी गाणे आणि गाणाऱ्याचा गळा यांत कापड आणि हात यांच्यासारखी फारकत नव्हतीच. गाणारा गप्प बसला की, दुसऱ्या कोणी उचलले नसेल तर, गाणे संपले. योगायोग असा की नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ते १८७७ हेच वर्ष एडिसनच्या फोनोग्राफचेही आहे. विदर्भातल्या मागाला ज्या वर्षी यंत्राशी स्पर्धा सुरू झाली, त्याच वर्षी गळ्यालाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे मुद्रण झाले. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारते. ते तंत्रज्ञांच्या सोयीसाठी होते असे सांगतात. पण त्या उच्चारात, हे आता माझ्यापासून तुटून दूर जाणार, याची जाणीवही ऐकू येते.

विणकराच्या दाखल्याने आणखी एक गोष्ट उजेडात येते. विणणाऱ्याला सूत पुष्कळदा व्यापाऱ्याकडून मिळत असे. वीण त्याची, सूत दुसऱ्याचे. 'क्रीप'चेही तसेच निघाले. गाण्यातील स्वरसंगतीचा क्रम आणि चालीचा काही भाग 'द एअर दॅट आय ब्रीद' या गाण्याशी जुळतो, असा दावा झाला. ते गाणे अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांचे, 'द हॉलीज' या गटाने १९७४ मध्ये लोकप्रिय केलेले. तडजोड होऊन 'क्रीप'च्या श्रेयात या दोघांची नावे आली आणि उत्पन्नात त्यांचा वाटाही. म्हणजे जी कृती गट 'आमची नव्हे' म्हणून दूर सारत होता ती कायद्याच्या दृष्टीनेही पुरती त्याची नव्हतीच. आणि येथेच कथेला असे वळण मिळते की एखाद्या नीतिकथाकारालाही ते रचावयास संकोच वाटावा. जानेवारी २०१८ मध्ये लाना डेल रे या अमेरिकी गायिकेने जाहीर केले की तिच्या एका गाण्यावरून 'क्रीप'च्या बाजूने तिच्यावर दावा आला आहे. 'रेडिओहेड'च्या प्रकाशन कंपनीने दावा दाखल केल्याचे नाकारले. मात्र 'क्रीप'च्या सर्व लेखकांना नव्या गाण्यात श्रेय मिळावे अशी बोलणी चालू असल्याचे मान्य केले. गटातील कोणाची त्यात वैयक्तिक इच्छा किती होती, हा मुद्दा येथे गौण आहे. मुद्दा असा की कृती नाकारणे आणि तिच्यावरील हक्क बजावणे या दोन क्रिया एकाच नावाने, एकाच काळात चालू शकतात. संन्याशाच्या झोळीत पूर्वाश्रमीच्या शेताचा खंड पडत राहतो.

त्याग आणि स्वामित्व यांची ही जोडी नैतिकदृष्ट्या टिकणारी नाही. फ्रेंच कायद्याने पश्चात्तापाला नुकसानभरपाईची अट घातली ती उगाच नव्हे. पश्चात्ताप फुकट मिळत नाही. तो फुकट मिळाला तर त्याला केवळ अभिरुचीतला बदल म्हणावे. ज्याला आपली पूर्वकृती खरोखर नकोशी झाली आहे, त्याने तिचे उत्पन्नही सोडावे, किंवा मग 'ती माझीच आहे, फक्त मी आता ती गात नाही' एवढेच म्हणावे. दुसरे विधान पहिल्यापेक्षा कमी तेजस्वी आहे, पण अधिक सरळ आहे. यॉर्कने २०२१ मध्ये हेच गाणे अतिशय संथ करून, ताणून, नव्या रूपात काढले. त्या रूपात जुन्या गाण्याशी पुन्हा बोलणे सुरू केल्याचा भाव आहे. घरी परतलेल्या विठ्ठलपंतांची आठवण व्हावी असेच हे आहे, पण ही उपमा फार ताणण्यात अर्थ नाही.

आतापर्यंतची चर्चा मागावरून उतरलेल्या कापडाविषयी झाली. जे उतरलेच नाही त्याचे काय? मराठीत या प्रश्नाची दोन उदाहरणे आहेत आणि त्यांत अंतर आहे.

पहिले अरुण कोलटकरांचे, आणि ते रॉक संगीताच्या जवळचेही. कोलटकर पखवाज शिकले होते, पाश्चात्त्य लोकप्रिय गीतांचा त्यांचा व्यासंग होता, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्रजीत गाणी रचून त्यांपैकी काही नमुन्यादाखल ध्वनिमुद्रितही केली. त्यांची तबकडी बाजारात आली नाही. गरीब देशातल्या एका गरीब माणसाच्या तोंडी घातलेले त्यांतले गाणे आज वाचताना जाणवते की 'क्रीप'मधल्या आत्मनिंदेच्या अगदी उलट दिशेला हा 'मी' उभा आहे : तो आपली हीनता कबूल करत नाही, तिच्या भांडवलावर ऐकणाऱ्यालाच कोंडीत पकडतो. जाहिरातीच्या क्षेत्रात नाव मिळवलेल्या कवीने हा 'मी' धारण करावा, यातला उपरोध कवीला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. पण प्रस्तुत मुद्दा वेगळा. पन्नाशीच्या दशकापासून लिहिणाऱ्या या कवीचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला; 'भिजकी वही' आणि 'चिरीमिरी' २००३ मध्ये. कापड मागावरून उतरवण्याची त्यांना कधीच घाई नव्हती. अखेरच्या काळात मात्र त्यांनी आपल्या असंग्रहित कवितांचे संपादन अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्यावर सोपवले आणि २००९ मध्ये, मृत्यूनंतर पाच वर्षांनी, तो संग्रह निघाला; त्यात या गाण्यांचे शब्दही आले. येथे नैतिक अडचण उरत नाही. जे तीस वर्षे दडलेले होते ते नाकारलेले नव्हते. आणि ते बाहेर काढणाऱ्या हाताला कर्त्याच्या हाताची परवानगी होती. कर्त्याचे मौन आणि कर्त्याचा नकार यांत फरक करावयास हे उदाहरण शिकवते. मराठी संपादकांनी हा फरक नेहमीच पाळला आहे असे म्हणवत नाही. एखाद्या मोठ्या लेखकाच्या निधनानंतर दोन वर्षांच्या आत त्याच्या ट्रंकेतले सगळे कागद छापून काढण्याची जी लगबग आपल्याकडे दिसते, तीत भक्तीचा भाग किती आणि पुस्तकविक्रीचा किती, हे त्या त्या प्रकाशकालाच ठाऊक.

दुसरे उदाहरण राम गणेश गडकऱ्यांचे. खापा ज्या तालुक्यात आहे त्याच सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. 'भावबंधन' त्यांनी तेथे जेमतेम पुरे केले. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. खाप्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर ताणा मागावर तसाच होता आणि विणकर उठून गेला. ते अपुरे कापड इतरांनी कापून उतरवले, छापले, वाखाणले, पाठ्यपुस्तकांतून नेमले. यात गैर काय, असे शंभर वर्षे कोणाला विचारावेसे वाटले नाही. कारण मिळाले ते भाषेचे वैभव होते. गडकऱ्यांनी या प्रवेशांना शेवटचा हात दिला असता की ते उसवले असते, संभाजीराजांच्या त्या चित्रणावर त्यांचे समाधान झाले होते की ते अजून त्याच्याशी झगडत होते, हे प्रश्न बाजूला राहिले. आणि मग जानेवारी २०१७ मध्ये, त्याच नाटकातील त्या चित्रणाचा राग धरून, पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडला आणि मुठेच्या पात्रात टाकला.

त्यानंतर जो वाद झाला त्यात दोन्ही बाजूंनी गडकऱ्यांना 'राजसंन्यास'चे पूर्ण कर्ते मानले. एका बाजूने त्यांना दोषी ठरवण्यासाठी, दुसऱ्या बाजूने त्यांचे प्रतिभास्वातंत्र्य राखण्यासाठी. संहितेवर टीका करण्याचा हक्क कोणालाही आहे. ऐतिहासिक पुरुषाचे चित्रण विपर्यस्त आहे असे म्हणणाऱ्याला पुरावे देऊन म्हणू द्यावे, आणि पुतळा नदीत टाकणे हे म्हणणे नव्हे. पण उत्तरदायित्वाचा प्रश्न याहून निराळा आहे. ज्या ओळी कर्त्याने आपल्या हाताने जगाच्या स्वाधीन केल्या नाहीत, त्यांचा जाब विचारावयाचा तो कर्त्याला की त्या उतरवणाऱ्यांना? 'क्रीप'च्या कर्त्यांना निदान नाकारण्याची संधी होती, आणि ती त्यांनी बरी-वाईट वापरली. सावनेरात चौतिसाव्या वर्षी गेलेल्या नाटककाराला 'हे राहू द्या' किंवा 'हे जाळा' यांपैकी एकही वाक्य उच्चारता आले नाही. 'राजसंन्यास'च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढणाऱ्यांनी त्या न उच्चारलेल्या वाक्यासाठी पानभर कोरी जागा सोडली असती, तरी २०१७ मधील त्या वादाला बसण्यासाठी एक वेगळी जागा मिळाली असती.